मणक्यासाठी डॉक्टर हाडांचा की मेंदूचा?

कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ माझ्या वाट्याला आली, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो हाडांच्या डॉक्टरांकडे जावे की न्यूरोसर्जनकडे, यावरून. मेंदूच्या सर्जनचा कमरेशी काय संबंध, असे मलाही वाटत होते.

हा संबंध जुना आहे. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबते आणि शस्त्रक्रियेने ती मोकळी करता येते, हे वैद्यकविश्वाला पटवून देणारा १९३४ सालचा शोधनिबंध विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मिळून लिहिला. त्यांतले मिक्स्टर न्यूरोसर्जन होते, तर बार ऑर्थोपेडिक सर्जन. आजही सरकलेला भाग काढणे, अरुंद झालेल्या मार्गात दबलेल्या नसा मोकळ्या करणे किंवा मणके स्क्रूने जोडणे ही कामे दोन्ही शाखांचे सर्जन करतात. म्हणूनच अशा नेहमीच्या दुखण्यात पाटीवरच्या पदवीपेक्षा, डॉक्टरांनी मणक्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का आणि त्यांच्या शस्त्रक्रियांपैकी किती मणक्याच्या असतात, हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते. (विचारताना संकोच होतो, हे कबूल.) गुडघे बदलण्यात नाव कमावलेल्या सर्जनचा हात मणक्यावरही तितकाच बसलेला असेल, असे नाही.

मज्जारज्जूभोवतीच्या ड्युरा नावाच्या आवरणाच्या आत गाठ असेल, तर मात्र काम न्यूरोसर्जनचे. उलट, स्कोलिओसिसमध्ये वाकडा झालेला कणा सळ्या आणि स्क्रू बसवून सरळ करायचा असतो, तेव्हा तो अनुभव परंपरेने ऑर्थोपेडिक शाखेकडे अधिक आहे.

मी ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली, माझ्या पायाचा अंगठा बोटाने खाली दाबून धरला आणि तो वर ओढायला सांगितले. अंगठ्यात जोर होता. फुगलेली गादी काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या फिल्मवरही दिसते, तेव्हा केवळ चित्रावर शस्त्रक्रिया ठरत नाही, असे सांगून त्यांनी सहा आठवडे औषधे आणि व्यायाम दिला. बहुतेकांची कळ अशीच ओसरते, माझीही ओसरली. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर सर्जन निवडत न बसता त्याच दिवशी तातडीच्या विभागात यायचे, हे त्यांनी मला दोनदा बजावले होते.