खाली पाणी आहे

काम ताब्यात द्यायच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी साइटवर पोचतो आणि हातात एक नाणं घेऊन घरभर फिरतो. प्रत्येक फरशीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध टकटक करायचं. खाली माल नीट भरला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळी असेल तर बोदा. बोदी फरशी आज दिसायला कितीही छान असो, काहीतरी जड पडलं की ती त्याच जागी तडकते. त्या घरात ८६ फरश्या होत्या. एकही बोदी निघाली नाही. मिस्त्री माझ्या मागेच उभा होता. दोघंही काही बोललो नाही, पण आतून फुलून गेलो होतो.

त्या कामाबद्दल थोडं सांगायलाच हवं. ८०० बाय १६०० मिलिमीटरची, आरशासारखी पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड फरशी. पांढऱ्या संगमरवराचा भास, त्यात राखाडी शिरा. एवढी लांब फरशी भट्टीतून निघते तेव्हा मधोमध किंचित फुगलेली असते. विटांसारखी अर्ध्यावर सांधा देऊन बसवली, तर एकीचा फुगीर मध्य शेजारणीच्या खालच्या कडेला भिडतो आणि पायाला ठेच लागते. म्हणून सरकवायचीच असेल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये. आम्ही सगळा माल आधी कोरडाच मांडला, शिरेला शीर जुळवली, प्रत्येक फरशीच्या पाठीवर खडूने नंबर टाकले आणि मगच ॲढेसिव्ह कालवलं. खोक्यावर शेडचा नंबर असतो तसा कॅलिबरचाही असतो, म्हणजे नेमक्या मापाचा. तो न बघता दोन लॉट मिसळणारे ठेकेदार मी रोज बघतो. मग सांधा एका टोकाला दोन मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला चार, आणि दोष मिस्त्रीच्या माथी.

ॲढेसिव्ह जमिनीवर दातेरी थापीने एकाच दिशेला ओढायचं आणि फरशीच्या पाठीवरही पातळ हात मारायचा. पाच ठिपके ठेवून वरून फरशी दाबणारे मिस्त्री अजून आहेत आणि त्यांना काम देणारेही आहेत. आम्ही दर दहा फरश्यांमागे एक ताजी बसवलेली फरशी उचलून पाठ बघत होतो. दोन मीटरची पट्टी आडवी ठेवली तर कुठेही उजेड दिसत नव्हता. दिवाणखान्याच्या चारी कडांना आणि पॅसेजच्या तोंडाशी चार इंचांची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी होती, डिझायनरने काढलेली. तिचे कोपरे ४५ अंशांत असे जुळले होते की नखही अडकत नव्हतं. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालेलं नव्हतं.

साडेदहाच्या सुमाराला घरमालकीण ताई वडिलांना, म्हणजे आजोबांना, घेऊन आल्या. काम चालू असताना आजोबा त्यांच्या भावाकडे होते. ते दारातून आत आले, चपला काढल्या आणि दिवाणखान्याच्या तोंडाशी थांबले. खाली बघितलं. मग दोन्ही हातांनी पायजमा धरून नडगीपर्यंत वर घेतला.

"पाणी आहे," म्हणाले.

ताई म्हणाल्या, "बाबा, पाणी नाही, नवी फरशी आहे." आजोबांनी पाय पुढे केला, बोटं टेकली आणि मागे घेतला. ताई खाली बसल्या, तळहात फरशीवर घासला आणि त्यांच्यासमोर धरला. "बघा, कोरडी आहे की नाही?" आजोबांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. नीट, एकेक बोट करून.

मी तिथेच नाणं मुठीत धरून उभा होतो.

ताईंनी त्यांना दोन्ही हात धरून आत आणलं. ते भिंतीच्या कडेकडेने चालले, हाताने भिंत चाचपत. भिंत पांढरी, भिंतीच्या पायथ्याची पट्टी म्हणजे स्कर्टिंग पांढरं, फरशी पांढरी. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे त्यांना कळत नव्हतं. पॅसेजशी काळी पट्टी आली तिथे त्यांनी पाय गुडघ्यापर्यंत उचलला, चर ओलांडावा तसा, आणि पलीकडे पाय पडताना तोल गेला. मिस्त्री जवळ होता, त्याने सावरलं. नंतर ते त्यांच्या खोलीत गेले ते दोन दिवस बाहेर आलेच नाहीत. हे ताईंनी फोनवर सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. त्याने मला जास्तच लागलं.

आता मी परत परत ज्यापाशी येतो ते सांगतो. पहिल्या भेटीत ताई म्हणाल्या होत्या, "बाबांना हल्ली कमी कळतं, त्यांच्या दृष्टीने फरशी बघा." माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "ज्येष्ठ – घसरण." त्यांचं वाक्य मी माझ्या ओळखीच्या खणात टाकलं. आणि त्या खणातलं काम मी चोख केलं. घसरडेपणाची एक चाचणी असते, तेल लावलेल्या उतारावर बूट घालून माणूस चालवतात आणि उतार हळूहळू वाढवत नेतात. माणूस ज्या कोनाला डगमगतो त्यावरून आर-९ ते आर-१३ असे दर्जे ठरतात. आर-९ म्हणजे ६ ते १० अंश, आर-११ म्हणजे १९ ते २७. अनवाणी पायांची चाचणी वेगळी, साबणाच्या पाण्याची, तिचे दर्जे ए, बी, सी. घरात माणूस अनवाणी असतो आणि फरशी ओली असते, तरी शोरूममध्ये विचारलं तर आर सांगतात. दुसरी चाचणी असते हे विकणाऱ्यालाच माहीत नसतं. मी न्हाणीघरात आर-११ आणि बी दर्जाची फरशी घातली, ढाळ दिला, हाताला धरायला दांड्या लावून घेतल्या. दिवाणखाना कोरडा राहतो, तिथे पॉलिश चालेल असं मीच सांगितलं. कोरड्या पॉलिशवरून माणूस सहसा घसरत नाही हे खरंच आहे. आजोबा घसरलेही नाहीत.

मी पायांचा विचार केला होता. डोळ्यांचा केला नव्हता.

स्मृतिभ्रंशात डोळे शाबूत असले तरी दिसलेल्याचा अर्थ लागायला गडबड होते. चकाकी ओली वाटते, गडद पट्टा खड्डा किंवा पायरी वाटतो, ठिपक्यांची फरशी असेल तर माणूस सांडलेलं उचलायला वाकतो. हे मी नंतर वाचलं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात या आजारासाठी वेगळं केंद्रच आहे. तिथले लोक कित्येक वर्षं सांगत आलेत की अशा घरात जमीन मॅट हवी आणि खोलीतून खोलीत जाताना तिची छटा बदलू नये. प्रकाश किती परावर्तित होतो याचं एक माप असतं, एलआरव्ही, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. ब्रिटिश मानक बीएस ८३०० भिंत आणि जमीन यांत ३० गुणांचा फरक ठेवायला सांगतं, म्हणजे कडा दिसते. हा आकडा फरशीच्या खोक्यावर नसतो. पेंटच्या शेडकार्डावर मात्र बऱ्याचदा असतो. म्हणजे रंगाऱ्याच्या हातात तो आहे आणि फरशीवाल्याच्या नाही. हे मला अजून पटत नाही.

डिझायनर म्हणाला, "हे कुणालाच आधी कळलं नसतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तो चांगला मुलगा आहे, पण ती काळी पट्टी त्याने संगणकावर वरून बघून काढली होती. वरून बघताना ती चौकट दिसते. पाच फुटांवरून, खाली बघत चालणाऱ्याला ती भेग दिसते.

तिसऱ्या दिवशी मी परत गेलो. ताईंनी मधल्या वाटेवर गडद तपकिरी चटई टाकली होती. आजोबा तिच्या कडेने वळसा घालून जात होते. चटईच्या जागी त्यांना खड्डा दिसत होता. पॉलिश उतरवता येईल का, असं ताईंनी विचारलं. घासून उतरवली तर वरचा थर जातो, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि फरशी डाग पकडते. ती चकाकी मारणारं रसायन मिळतं, पण ते काचेला खाणारं ॲसिड आहे. माणसं राहत असलेल्या घरात मी ते उघडणार नाही. उखडायचं म्हटलं तर महिनाभर धूळ आणि हातोड्यांचा आवाज, आणि आजोबांना पुन्हा घराबाहेर न्यायचं. ते भावाकडून आलेत हेच त्यांना नीट उमगलेलं नव्हतं.

मग मी मॅट व्हिनाइलचे चार तुकडे आणले. हातात धरायचे नमुने नाहीत, चांगले मीटर-मीटरचे. ते पॅसेजमध्ये पसरले आणि आम्ही बाजूला झालो. गडद लाकडासारख्या दिसणाऱ्यावर आजोबांनी पाय दिला नाही. ठिपक्यांच्या तुकड्यापाशी वाकले. फिक्या राखाडीच्या कडेशी थबकले. चौथा, मातकट रंगाचा, एकसुरी, नक्षी नसलेला. शोरूममध्ये कुणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नसतं. कंपनीच्या तक्त्यात त्याची एलआरव्ही ४० च्या आसपास होती. त्यावर ते चढले, उभे राहिले आणि पायजमा सोडून दिला.

नुसतं अंथरायचं की चिकटवायचं, हा शेवटचा प्रश्न. अंथरलेलं कधीही गुंडाळून ठेवता येतं, खालची फरशी जशीच्या तशी राहते. पण त्याला लाटा येतात, कडा उचलल्या जातात, वॉकरचं चाक अडकतं. चिकटवायचं तर चकचकीत फरशीवर आधी खास प्रायमर, त्यावर तीन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंगचा, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या मालाचा थर, काटेरी रोलरने हवा काढायची, आणि मग दोन मिलिमीटरची शीट, सांधे तापवून वितळवून एकजीव केलेले. हे झालं की खालची फरशी गेली. पुन्हा वर आणायची तर फोडूनच. मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि ताईंना म्हटलं, दोन दिवस विचार करा. त्यांनी विचारलं, "बाबांसाठी कोणतं?" मी म्हटलं, चिकटवलेलं. "मग तेच करा."

पाच मिलिमीटरने जमीन वर आली म्हणून सगळी दारं काढून खालून रंधा मारावा लागला. न्हाणीघराच्या तोंडाशी फरक वाढला, तिथे त्याच रंगाची उतरती पट्टी दिली. लेव्हलिंगचा पहिला डबा ओतायची वेळ आली तेव्हा मिस्त्री डबा धरून उभाच राहिला. ते कोपरे त्याने स्वतः कापले होते. मी म्हटलं, दे इकडे. तो म्हणाला, "नको साहेब, मीच ओततो." आतल्या खोलीपासून सुरुवात केली आणि मागे मागे येत काळ्या पट्टीपर्यंत आला.

आजोबा आता घरभर फिरतात. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाल्कनीतून तिरपं ऊन येतं आणि त्या मॅट शीटवरही एक उजळ पट्टा पडतो. त्यापाशी ते अजून थांबतात. जाड पडदा लावायला सांगितलाय. ताई म्हणतात, पडदा लावला की त्यांना अंधार नको असतो. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पुढच्या आठवड्यात एका घराचं काम सुरू होतंय. तोच माल, तेच पॉलिश, आणि घरात एक्याऐंशी वर्षांची आई. त्यांना कमी कळतं असं कुणी म्हटलेलं नाही. मी सहा फरश्या पॅसेजमध्ये कोरड्याच मांडून ठेवायची परवानगी मागितली आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि त्या आईंना दोनदा तिथून चालवून बघायची. त्यांच्या मुलाने विचारून सांगतो म्हटलंय.