उभ्या गाडीची उस्तवार

पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे. एकदा जहाजावर चढला की चार-सहा महिने त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. अशा माणसाने गाडी घ्यावी, तीही दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची पोर्श बॉक्स्टर, आणि ठेवावी कुठे, तर सांगलीत, विश्रामबागेत, काकाच्या पोर्चमध्ये! सेकंडहँड होती म्हणून स्वस्तात पडली, असं तो म्हणतो. स्वस्तात म्हणजे कितीला, हे त्याच्या आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गल्लीतल्या लोकांचे प्रश्न ठरलेले. ॲव्हरेज किती देते? मागची सीट कुठाय? मागच्या सीटच्या जागी इंजिन आहे म्हटलं की माणूस आधी गाडीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मग पुढचं झाकण उघडून दाखवावं लागतं. खाली इंजिन नाही, डिकी. डिकीच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचं कव्हर, आणि त्याच्याखाली बॅटरी. ती बघून लोकांचा फार विरस होतो. पण या गाडीत माझा जीव गुंतलाय तो त्या बॅटरीतच. गाडी पळवायचं काम त्याचं. माझ्या वाट्याला येते ती उभी गाडी, आणि उभ्या गाडीला पळत्या गाडीपेक्षा जास्त बघावं लागतं, हे ऐकून लोक हसतात.

गाडी बंद केली म्हणजे झोपली असं वाटतं. ती झोपत नाही. घड्याळ चालू असतं, अलार्म पहाऱ्यावर असतो, रिमोटची हाक ऐकायला रिसीव्हर जागा असतो, कॉम्प्युटर आपली स्मरणशक्ती सांभाळत बसलेला असतो. सगळ्यांचं मिळून खाणं किती, तर चाळीस-पन्नास मिलीअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांचा हिशेब मांडला तर रोज एक अँपिअर-अवर गेला, आणि बॅटरी सगळी मिळून साठ-सत्तरची. महिन्याभरात निम्मी होते. दोन महिन्यांनी सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’. तालीम सोडलेल्या पैलवानासारखी गत: मेहनत बंद, खुराक चालू.

त्यात आपला उन्हाळा. जर्मनीत लोक अशा गाड्या हिवाळ्यात झाकून ठेवतात, तेव्हा थंडीत बॅटरी आपली आपण फारशी उतरत नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की हे आतल्या आत उतरणं साधारण दुप्पट होतं. म्हणजे मे महिन्यात आमच्या पोर्चमधली बॅटरी काहीही न करता थकते. आणि बाहेरच्या माहितीपुस्तकांत बर्फाबद्दल पानंच्या पानं असतात, कृष्णेच्या पुराबद्दल एक ओळ नसते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायची सवय ज्याला आहे त्याला यातलं निम्मं येतंच. दोन्हीकडे शिसं आणि गंधकाम्ल. गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही जोडी जमवली, ती अजून तुटलेली नाही. सहा सेल, प्रत्येकी दोनाहून किंचित जास्त व्होल्ट. त्यामुळे बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असते तेव्हा मीटरवर बारा दिसत नाहीत, १२.६ किंवा थोडे वरच दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी. बरोबर बारा दिसले की लोक खूश होतात, वास्तविक तेव्हा पाव भागच उरलेला असतो. तशीच पडून राहू दिली की पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग कितीही चार्ज करा, ते विरघळत नाहीत. आमचा मिरज रोडचा बॅटरीवाला याला ‘प्लेटा कडक झाल्या’ म्हणतो आणि पुढे बोलत नाही. थेट नव्या बॅटरीचा भाव सांगतो.

शेजारच्या अण्णांचा सल्ला प्रत्येक रविवारी येतो. “आठवड्यातनं एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवायची की ओ. त्यात काय एवढं?” सांगलीत हा सल्ला ट्रॅक्टरपासून लुनापर्यंत सगळ्यांना दिला जातो. त्याने होतं असं की, सेल्फ मारताना बॅटरीतून जे जातं, ते पाच मिनिटांच्या मंद चालण्यात धड भरून येत नाही. इंजिन पुरतं तापतही नाही, मग जळताना झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहतं. त्यापेक्षा न लावलेली बरी. लावायचीच तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यायला हवी. आणि रस्ता कुठला? कारखान्यांचा सीझन सुरू झाला की तासगाव काय, आष्टा काय, दोन-दोन ट्रॉल्या उसाचे ट्रॅक्टर, वर फुल आवाजात गाणी. त्यांच्या मागे ही गाडी ट्रॉलीच्या चाकाएवढीसुद्धा उंच वाटत नाही. रस्त्यात ऊस पडलेला असतो तो चुकवायचा, आणि स्पीडब्रेकर तर तिरके घ्यायचे. मी ते धाडस करत नाही.

म्हणून चार्जर. वहीएवढा डबा, दोन चिमटे, भिंतीतल्या प्लगला जोडलेला. आधी भरभर भरतो, मग हात आखडतो, आणि शेवटी साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसता राखत बसतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर असा कायम लावून ठेवला तर बॅटरी उकळते. याला थांबायचं कधी ते कळतं. हिरवा दिवा लागलेला असला की मी निवांत.

पण चार्जरला वीज लागते, आणि पुराच्या दिवसांत ती आधी जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ वर गेलं. आमच्या गल्लीत आलं नाही, पण नदीकाठच्या गावभागातल्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या. मोटारसायकली, एक ओम्नी, भाड्याच्या भांड्यांनी भरलेला टेम्पो. बॉक्स्टर त्यांच्यामध्ये चेपून उभी. वीज गेलेली, इन्व्हर्टर लोकांच्या मोबाईलसाठी. तेव्हा गाडीच्या चार्जरचं नाव काढायला तोंड नव्हतं. दहाचा पाना घेतला आणि मायनसची तार काढून टाकली. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लसवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी पडते. तार काढली की गाडीतलं सगळं खाणं बंद. रेडिओ आणि घड्याळ विसरतात, विसरू देत.

यातही एक मेख आहे. पुढचं झाकण विजेवर उघडतं आणि बॅटरी त्या झाकणाखाली. बॅटरी संपली तर झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही! यावर तोडगा बनवणाऱ्यांनीच ठेवलाय. फ्यूज बॉक्समधून एक लाल टर्मिनल बाहेर ओढायचं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावायचा, मायनस दाराच्या लोखंडी कडीला, आणि मग झाकणाचं बटण दाबायचं. उपाय चांगलाच आहे, पण भर पावसात ओणवं होऊन करायचा नाही. म्हणून तार काढली की मी झाकण दाबून बंद करत नाही, नुसतं टेकवून ठेवतो. मग त्या फटीतून उंदीर. वायरींच्या बाबतीत उंदरांना देशी-परदेशी कळत नाही. त्यावर बॅटरीवाल्याने तंबाखू सांगितली. निपाणी जवळच, तंबाखूला तोटा नाही. दोन पुरचुंड्या आत असतात. पुतण्या आला की नाक वाकडं करतो, पण वायरी शाबूत आहेत.

बाकी उस्तवार किरकोळ. टायरमध्ये हवा थोडी जास्त, आणि अधूनमधून गाडी हातभर पुढेमागे ढकलायची, म्हणजे एकाच जागी वजन पडून टायर चपटे होत नाहीत. हँडब्रेक ओढायचा नाही, पावसाळ्यात हँडब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटतात. गियर टाकून चाकाला वीट. वर ताडपत्री नाही, कापडी कव्हर, कारण ताडपत्रीखाली दमट राहिलं की टपाच्या कापडाला बुरशी धरते.

मागच्या वर्षी तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. सकाळी आईने गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पुतण्याने बसून किल्ली फिरवली. अर्ध्या सेकंदात इंजिन लागलं, लिंबं चिरडून गाडी फाटकापर्यंत गेली, आणि काच खाली करून तो म्हणाला, “बघितलंत काका? पाच महिने उभी, तरी एका झटक्यात. याला म्हणतात जर्मन इंजिनिअरिंग!”

मी म्हटलं, बॅटरी मिरज रोडची आहे, आणि बिल तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय.