बेचाळीस वाचून थांबू नका

घरात अडचण आली की घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेत, हटकून बायबलमधलं स्तोत्र ४२ काढलं जातं. हरिणी पाण्यासाठी लुलपते, तेच. पहिली दोन वचनं वाचायची, डोळे मिटायचे, आणि लगेच मागणं सुरू: उसाचं बिल अडकलंय, सोसायटीचा हप्ता थकलाय, पोराला नोकरी नाही. मागण्यात चूक काहीच नाही की. पण या स्तोत्रात मागणं नेमकं कुठे येतं, ते आधी बघा.

४२ मध्ये ११ वचनं आहेत आणि देवाकडे एकही मागणी नाही. तहान आहे, जुन्या दिवसांची आठवण आहे, ‘मला का विसरलास’ असा थेट प्रश्नही आहे. ‘कर’, ‘पाठव’ असे शब्द सुरू होतात ते ४३ च्या पहिल्या वचनापासून. ही दोन्ही स्तोत्रं मुळात एकच कविता असावी. ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हे धृपद ४२:५ (म्हणजे स्तोत्र ४२, वचन ५), ४२:११ आणि ४३:५ असं तीनदा येतं, ४३ ला स्वतःचं शीर्षक नाही, आणि कित्येक हिब्रू हस्तलिखितांत दोन्ही सलग लिहिलेली आहेत. तेव्हा सोळाही वचनं एका बैठकीत वाचावीत.

पाण्याचं चित्रही आपल्याला वाटतं तेवढं सरळ नाही. पहिल्या वचनातला हिब्रू शब्द ‘अफीक’. म्हणजे ओढ्याचं पात्र, पावसाळ्यात भरणारं आणि उन्हाळ्यात बऱ्याचदा कोरडं पडणारं. अथणीकडच्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पण सहाव्या वचनात कवी उभा आहे तो यार्देन नदीच्या उगमाकडे, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी, जिथं पाणी भरपूर. सातव्यात तर धबधबे गर्जतात, लाटा अंगावरून जातात. पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याला कड्याजवळ उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तसं. पाणी चहूकडे, आणि तरी तहान. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या गावांनी हेच पाहिलं: दारात नदी, पण प्यायला पाणी बाहेरून आणायचं.

वाचताना मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात नको. धृपदापाशी भाग पाडले की तीन होतात: ४२:१-५, ४२:६-११ आणि ४३. पहिल्या भागात चौथ्या वचनावर थांबा. लोकांच्या मेळ्यात देवाच्या घरी जायचो, ही ती आठवण. तिथं आपली आठवण नाव घेऊन सांगायची, गोलमाल नको. दुसऱ्या भागात नवव्या वचनाचा ‘का’ मऊ करू नका. मागणी येते ती तिसऱ्या भागात. ४३:१ मध्ये कवी न्याय आणि सुटका मागतो. ४३:३ मध्ये प्रकाश आणि सत्य मागतो, तेही वाट दाखवायला. घाई केली नाही तर पंधरा-वीस मिनिटं लागतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते धृपदाशी. दुःखात असलेल्या माणसाला भेटायला जाऊन ‘खिन्न होऊ नका, देवाची आशा धरा’ म्हणतात आणि वर हेच वचन ऐकवतात. अहो, कवी ते स्वतःच्या जिवाला सांगतोय, शेजाऱ्याला नव्हे. आणि एकदा सांगून भागतही नाही. पाचव्या वचनात जिवाची समजूत काढली, तर सहाव्यात लगेच जीव पुन्हा खचलेला! म्हणून तर तीनदा. ‘मी पुन्हा त्याचं गुणगान गाईन’ हेही पुढचं बोलणं आहे, आज गातो असं तो धृपदात म्हणत नाही. वाचन संपताच टाळ्यांचं गीत सुरू करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

झोप आणि भूक दोन आठवडे गेलेली असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. यात अविश्वास काही नाही.

आणि ज्याला धृपदही तोंडातून निघत नाही, त्यानं स्तोत्र ८८ काढावं. १८ वचनं आहेत, समजूत काढणारं धृपद नाही. हिब्रूत शेवटचा शब्द अंधार हाच आहे. तिथंच पुस्तक मिटावं, खाली आपलं काही जोडू नये.