गावाचे मैलापाणी आणि विद्यापीठाचा वर्ग: आर्केटाहून पुणेकरांसाठी

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हम्बोल्ट उपसागराच्या काठी, आर्केटा नावाचे सुमारे 18 हजार वस्तीचे गाव आहे. येथील कॅल पॉली हम्बोल्ट विद्यापीठात मी पर्यावरण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. पुण्याहून फोन आला की घरचे विचारतात, ‘तिथे नेमके शिकवतात तरी काय?’ त्याचे खरे उत्तर वर्गात नसून गावाच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात आहे, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहितो.

1974 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने उपसागरांत आणि खाड्यांत सांडपाणी सोडण्यावर कडक निर्बंध आणले, तेव्हा परिसरातील गावांचे मैलापाणी एकत्र करून एकाच मोठ्या प्रादेशिक केंद्राकडे नेण्याची खर्चिक योजना पुढे आली. आर्केटाने ती नाकारली. मत्स्यविज्ञानाचे प्राध्यापक जॉर्ज अ‍ॅलन त्याआधीपासूनच मैलापाणी आणि समुद्राचे पाणी मिसळलेल्या तळ्यांत सामन माशांची पिल्ले वाढवत होते. त्यांनी आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे रॉबर्ट गिअरहार्ट यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून लहान पाणथळींवर प्रयोग केले आणि वनस्पतींच्या साहाय्याने पाणी शुद्ध होऊ शकते हे मोजमापांनिशी दाखवून दिले. 1986 मध्ये पूर्ण यंत्रणा सुरू झाली. जेथे एकेकाळी कचरा डेपो आणि ओंडके साठवण्याची तळी होती, तेथे आज लोक सकाळी फिरायला आणि पक्षी पाहायला येतात.

या यंत्रणेचे काम मला अजूनही विलक्षण वाटते. जड गाळ आधी टाक्यांत खाली बसतो आणि उरलेले पाणी उथळ, विस्तीर्ण तळ्यांत जाते. तेथे सूर्यप्रकाशात शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू घाण खातात. मात्र शेवाळ स्वतःच पाण्यात राहिले तर पाणी हिरवे आणि गढूळच राहील. म्हणून पुढचा टप्पा पाणकणीस आणि लव्हाळ्यांनी दाट भरलेल्या पाणथळींचा असतो. त्यांच्या सावलीत शेवाळ मरते आणि तळाशी बसते, देठांवर चिकटलेले जिवाणू उरलेले काम करतात, तर तळाच्या प्राणवायूविरहित चिखलात नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते.

हे सारे पुस्तकात वाचता येते, पण विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजला आणि पुन्हा दुपारी मोजला की त्याच तळ्याचे दोन आकडे इतके वेगळे येतात की दिवसरात्रीचे ते चक्र पुन्हा विसरता येत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू; त्याच्या चाचणीसाठी नमुना भरताना बाटलीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. काचेचे बूच तिरके धरून हळूच बसवावे लागते, मग ती बाटली 20 अंश तापमानात 5 दिवस अंधारात ठेवायची. अमेरिकेत दुय्यम, म्हणजे गाळ बसल्यावर जिवाणूंकरवी केलेली, प्रक्रिया झालेल्या पाण्यासाठी बीओडीची मासिक सरासरी मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. आकडा त्यापलीकडे गेला तर तो केवळ प्रयोगवहीतला आकडा राहत नाही, कारण हेच पाणी पुढे उपसागरात जाणार असते. ही जबाबदारी विद्यार्थ्यावर विश्वासाने सोपवली जाते, याचे मोल मला फार मोठे वाटते.

विद्यापीठाच्या आवारात 1978 पासून विद्यार्थीच चालवत असलेले एक केंद्रही आहे, जेथे साध्या, दुरुस्त करता येण्याजोग्या तंत्रांचे प्रयोग एका घरातच होतात.

पुण्यात मी जेथे शिकलो तेथे मैलापाणी प्रक्रियेची आकृती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती, आणि वाहते मैलापाणी मात्र कॉलेजला जाताना पुलावरूनच पाहिले. वास्तविक पुण्याइतकी संधी फार थोड्या शहरांना आहे: अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा 1854 पासूनची, सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब मुळा-मुठेच्या संगमाजवळच, आणि आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी हे सारे प्रवाह शाळा-महाविद्यालयांच्या वाटेवरचे. शिवाय पुण्याच्या उबदार हवेत जिवाणू आर्केटाच्या धुकट थंडीपेक्षा अधिक वेगाने काम करतील.

अर्थात आर्केटाची पद्धत जशीच्या तशी पुण्यात उचलून आणता येणार नाही. पाणथळीला भरपूर जागा लागते आणि लाखोंच्या शहराचे सारे मैलापाणी तिच्यावर सोपवणे अशक्य आहे. आंबिल ओढ्याला सप्टेंबर 2019 मध्ये आलेला पूर पुणेकर विसरलेले नाहीत, त्यामुळे प्रवाहाची वाट अडवणारे कोणतेही बांधकाम, अगदी पर्यावरणाच्या नावाने केलेलेही, मला मान्य नाही. मात्र एखाद्या वसतिगृहाचे किंवा आवाराचे सांडपाणी ओढ्यापासून दूर, उंचावरच्या वाफ्यांतून फिरवता येईल. त्यातले पाणकणीस विद्यार्थ्यांनी लावावे, वाढले की कापावे, नमुने वर्षभर, विशेषतः मे महिन्यात आणि भर पावसात, त्यांनीच घ्यावेत आणि प्रात्यक्षिकाचे गुण त्या नोंदींवरच मिळावेत, असा अभ्यासक्रम पुण्यातल्या एखाद्या विभागाने आखला तर इथल्या नोंदवह्यांची पद्धत मी आनंदाने कळवीन.