मरीन ड्राइव्हची लाट आणि कणांचे गणित

भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावर टाकलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आदळून फुटणारी लाट संगणकात उतरवायची, तर जागेचे ठरावीक चौकटींत तुकडे करणाऱ्या, जाळीवर आधारलेल्या पद्धतींची मोठी अडचण होते, कारण पाण्याचा पृष्ठभाग क्षणोक्षणी तुटतो आणि पुन्हा जुळतो. म्हणूनच मला एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स) ही पाण्याला सुट्या कणांचा समूह मानणारी कणाधारित पद्धत विशेष जवळची वाटते. १९७७ साली लूसी यांनी, आणि स्वतंत्रपणे गिंगोल्ड व मोनाहन यांनी, ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी मांडली. समुद्राकडे ती नंतर वळली.

इथे प्रत्येक कण आपले वस्तुमान, वेग आणि घनता घेऊन फिरतो, आणि शेजारच्या कणांचा प्रभाव अंतरानुसार कमी होत जातो. खरी मेख दाबात आहे: तो कणांच्या घनतेवरून काढतात, आणि त्या सूत्रात ध्वनीचा वेग येतो. पाण्यातील ध्वनीचा खरा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, धरला तर कालपायरी, म्हणजे आकडेमोडीतील दोन क्षणांमधले अंतर, इतकी बारीक घ्यावी लागते की आकडेमोड आवाक्याबाहेर जाते; म्हणून तो वेग प्रवाहाच्या कमाल वेगाच्या सुमारे दहापट एवढाच ठेवतात आणि घनतेतला साधारण एक टक्क्याचा फरक चालवून घेतात. ही तडजोड मला प्रामाणिक वाटते, कारण तिची किंमत आधीच ठाऊक असते. काँक्रीटच्या पायांलगत मात्र कणांना एका बाजूला शेजारीच उरत नाहीत, त्यामुळे तिथला दाब चुकू शकतो, आणि तो मी प्रयोगातील मोजमापांशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारत नाही.