सलाइनच्या बाटल्या लावून केलेलं ट्रॅक्शन

ही गोष्ट मी मराठवाड्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात ऑर्थोचा रेसिडेंट होतो तेव्हाची. मणक्याच्या गाइडलाइनची पीडीएफ माझ्या मोबाइलवर कायम उघडी असायची. 24 तासांच्या आत ऑपरेशन करा, एमआरआय काढा, मीन प्रेशर (म्हणजे सरासरी बीपी) 85 ते 90 ठेवा, आठवडाभर आयसीयू. चुकीचं काहीच नाहीये त्यात. 2012 साली स्टॅसिस नावाचा अभ्यास आला, त्यात मानेच्या दुखापतीत 24 तासांच्या आत ऑपरेशनने मज्जारज्जूवरचा दाब काढलेल्या पेशंटची रिकव्हरी जास्त चांगली दिसली होती. पण ते घड्याळ सुरू होतं माणूस पडतो तेव्हा, आणि आमच्याकडे तो पोचतो कधी?

शेळ्यांना पाला काढायला कडुलिंबावर चढलेला, पस्तिशीतला माणूस, फांदी मोडली आणि डोक्यावर पडला. जीपच्या मागच्या सीटवर बसवून, मान लोंबकळत तालुक्याला नेला, तिथं एक्सरे निघाला पण खांदे आड आल्यामुळे मानेच्या पाचव्या मणक्याखालचं काहीच दिसत नव्हतं (कुणीतरी हात खाली ओढून धरावे लागतात, तरच दिसतं). आमच्या कॅज्युअल्टीत आला तेव्हा 31 तास झालेले. बीपी 84, नाडी 52. रक्त गेल्यामुळे बीपी पडलं तर नाडी पळते, इथं उलटं, म्हणजे न्यूरोजेनिक शॉक, मज्जारज्जूच्या इजेमुळे पडलेलं बीपी. सलाइन धो धो सोडून उपयोग नव्हता, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध लावलं, आयसीयूत बेड नव्हता म्हणून वॉर्डातच, आणि इंटर्नला दर पंधरा मिनिटांनी कफ फुगवायला बसवलं.

कोपर वाकत होतं, बोटं मेलेली, पाय पडलेले. पण गुदद्वाराजवळ टोचलेलं कळत होतं आणि डाव्या पायाचा अंगठा किंचित हलला. एवढ्या हालचालीवर सगळं बदलतं, मज्जारज्जूची इंज्युरी अर्धवट आहे म्हणजे हातात काहीतरी आहे. मेव्हणा म्हणाला, स्टिरॉइडचं इंजेक्शन द्या ना, शहरात देतात. 1990 च्या अभ्यासानंतर ते सगळीकडे सर्रास सुरू झालं होतं खरं, पण तेही पहिल्या आठ तासांत, आणि त्यावर आजही भांडणं चालू आहेत. नाही म्हणालो.

हात ओढून एक्सरे काढला, तर पाचवा मणका सहाव्यावरून पुढे घसरलेला, त्यांच्यातले दोन्ही बाजूंचे सांधे अडकलेले. एमआरआय सत्तर किलोमीटरवर. ऑपरेशनचे प्लेट-स्क्रू सरकारी योजनेतून यायचे, मंजुरीला किमान तीन-चार दिवस. सरांना फोन केला तर म्हणाले, पेशंट शुद्धीत आहे ना, बोलतोय ना, मग एमआरआयसाठी थांबू नकोस, जागेपणीच ट्रॅक्शन लाव, डोक्याला वजन लटकवून मान ओढ.

भूल दिली ती फक्त कातडीला, कानाच्या वर दोन्ही बाजूंना टाँग, म्हणजे कवटी पकडणारा चिमटा, बसवला. साडेचार किलोपासून सुरुवात, मग दर वेळी थोडं वजन वाढवायचं, एक्सरे काढायचा, अंगठा हलवायला सांगायचं. वॉर्डातली वजनं दहा किलोला संपली. वॉर्डबॉय मामांनी अर्ध्या लिटरच्या सलाइनच्या बाटल्या पिशवीत भरून आणल्या, आम्ही काट्यावर मोजून लटकवल्या. चौदा किलोला तो स्वतःच म्हणाला, "खट्ट झालं बगा." एक्सरेत मणके जागेवर! मग वजन उतरवून थोडंच ठेवलं. पडल्यापासून तोवर 35 तास झाले होते.

ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. पुढून चकती काढली, तिथं बसवायच्या तयार केजऐवजी त्याच्याच कमरेचं हाड घातलं, प्लेट लावली. तोवर खरं काम सिस्टर आणि त्याच्या बायकोने केलं, दर दोन तासांनी त्याला लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, रात्रीसुद्धा. नंतर कॅथेटर स्वच्छ करून घालायला तीच शिकली. रोज एकच विचारायची, "उभं ऱ्हातेल का वो सायेब हे?" मी म्हणायचो बघू. दुसरं काय म्हणणार.

सहा महिन्यांनी फॉलोअपला आले. वॉकर धरून, बायकोच्या आधाराने, पण स्वतःच्या पायांवर ओपीडीच्या दारातून आत आला. बोटं अजून मिटत नव्हती, चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांमध्ये धरून प्यायला. शेळ्या कशा आहेत विचारलं तर बायको म्हणाली, विकल्या. ऑपरेशनला पैसे लागले नव्हते, इथवर येण्याजाण्यालाच लागले.