झीरोचं वजन

प्लास्टिकच्या मॉडेलचं वजन सहसा कोणी करत नाही, पण मला हुक्की आली. १/४८ स्केलचं मित्सुबिशी झीरो, दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान, म्हणजे खऱ्या विमानाचा १२ मीटरचा पंखविस्तार इथे २५ सेंटिमीटरवर आलेला, ते अर्धवट जोडलेलं असताना किचनमधल्या काट्यावर ठेवलं आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. लांबी ४८ पटींनी कमी झाली तर वजन ४८ गुणिले ४८ गुणिले ४८, म्हणजे १ लाख १० हजार पटींनी कमी व्हायला हवं. खरं झीरो, त्यातला मॉडेल २१ हा प्रकार, रिकामं असताना साधारण १,६८० किलोचं. भागाकार केला तर जेमतेम १५ ग्रॅम आले. तीन चमचे साखर! माझं मॉडेल, तेही चाकं आणि पंखा न लावलेलं, त्याच्या कितीतरी पट भरलं. म्हणजे प्रमाणात बघितलं तर हे प्लास्टिकचं विमान खऱ्या लढाऊ विमानापेक्षा जड आहे, आणि ते खरं विमान तोफा घेऊन, बाहेरची जादा टाकी लावून ३,००० किलोमीटर जायचं.

भाच्याला हे सांगायला गेलो तर त्याचा प्रश्न वेगळाच. "मामा, हे उडतं का?" नाही रे. "रिमोट आहे का?" नाही. "मग करतं काय?" काही करत नाही, कपाटात बसतं. त्याने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं त्याच नजरेने त्याची आईही बघते, आणि तिचंही बरोबर आहे, कारण हा छंद आपल्याकडे परवडणारा नाहीच. किट बाहेरून मागवा, कस्टम भरा, त्यात रंग ज्वलनशील म्हणून हवाई कुरिअरवाले घेत नाहीत, विमानाचे रंग विमानाने येत नाहीत हा एक विनोदच आहे. मग इथे मिळेल ते वापरा, हार्डवेअरच्या दुकानातला थिनर आणा, आणि पावसाळ्यात ग्लॉस मारायचाच नाही असं ठरवा, कारण दमट हवेत लॅकर वाळताना त्यावर पांढुरकी झाक चढते आणि सगळी मेहनत धुरकट दिसायला लागते.

तरी करतो, कारण हाताने जोडताना जे कळतं ते वाचून कळत नाही. झीरोबद्दल मी आधी भरपूर वाचलं होतं, हलकं, चपळ, चिलखत नसलेलं वगैरे, पण कॉकपिटची सीट हातात आली तेव्हा ते जरा जास्तच नीट कळलं. नखापेक्षा लहान सीट, आणि तिच्या पाठीला भोकं. किटमध्ये ते नुसते खळगे होते, मी बारीक ड्रिलने आरपार केले. खऱ्या सीटलाही अशीच भोकं होती, पत्र्याचं तेवढंच वजन कमी. आता पायलटच्या पाठीमागे जाड पोलादी पाटी असते ना, गोळी अडवायला, तर तसा पार्ट स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग लटकलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर, शोधायचाच नाही, कारण तो विमानातच नव्हता. पेट्रोलच्या टाक्या तीन, दोन पंखांत आणि एक पायलटच्या पुढ्यात, आणि गोळी लागल्यावर भोक आपोआप बुजवणारं रबराचं अस्तर एकीलाही नाही. चिमट्यात ती भोकाभोकाची सीट धरून मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आता हे असं का, तर नौदलाची मागणी. १९३७ साली जपानी नौदलाने जी यादी दिली त्यात ५०० किलोमीटरचा वेग पाहिजे, विमानवाहू जहाजावरच्या छोट्या डेकवरून उडालं पाहिजे, तासन्‌तास हवेत राहिलं पाहिजे, दोन २० मिलिमीटरच्या तोफा पाहिजेत, आणि वर हवेत कोलांट्या मारण्यातही कोणाला ऐकायचं नाही. नाकाजिमा कंपनीने यादी बघून हात वर केले. मित्सुबिशीचा जिरो होरिकोशी, तेव्हा चौतिशीतला, त्याने काम घेतलं. ताकदवान इंजिन हाताशी नव्हतं (नंतर जे बसवलं ते साकाए, साधारण ९४० हॉर्सपॉवरचं), मग एकच वाट उरली, वजन काढा. सुमितोमोने नुकताच एक नवा जस्त मिसळलेला ॲल्युमिनियमचा धातू काढला होता, तो वापरा. पंख वेगळे करून बोल्टने जोडायचे तर बोल्टांचं वजन येतं, मग पंख आणि कॉकपिटचा भाग एकसंधच करा. मॉडेलमध्ये पंखाचा खालचा भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच तुकड्यात येतो, मला आधी वाटलं ही किटवाल्याची सोय, पण खऱ्यातही तसंच होतं. आणि गंमत म्हणजे ज्या नाकाजिमाने नको म्हटलं त्याच नाकाजिमाचं इंजिन यात बसलं, आणि पुढे जी साडेदहा हजारांच्या वर झीरो बनली त्यातली निम्म्याहून जास्त नाकाजिमानेच बनवली. धंद्यात असं होतं.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र बैलगाडीचं प्रकरण. मार्च १९३९ मध्ये पहिलं विमान नागोयाच्या कारखान्यात तयार झालं, पण कारखान्याला लागून धावपट्टी नाही, आणि कागामिगाहाराचं विमानतळ ४८ किलोमीटरवर. रस्ते असे की ट्रकवर ठेवलं तर धक्क्यांनी खिळखिळं होईल. मग जगातलं त्या वेळचं सर्वात पुढारलेलं लढाऊ विमान सुटं करून बैलगाड्यांवर चढवलं आणि नेलं हळूहळू. १ एप्रिलला ते उडालं. पुढे उत्पादन सुरू झाल्यावरही कितीतरी काळ विमानं अशीच बैलांच्या मागून जात होती. कोणीतरी १/४८ मध्ये बैलजोडीचं किट काढावं, मी पहिला गिऱ्हाईक.

झीरो हे नाव १९४० मुळे पडलं, ते साल जपानी राजवंशाच्या गणतीने २६००, शेवटी शून्य, म्हणून टाइप शून्य. पण मॉडेलवाल्यांना विचाराल तर शून्य एकच, या विमानाच्या रंगाबद्दलचं एकमत. पर्ल हार्बरवर गेलेली झीरो पांढरट राखाडी होती असं माझ्या लहानपणीच्या सगळ्या चित्रांत असायचं. मग लोकांनी सापडलेले तुकडे तपासले, जुने जपानी कागद वाचले, आणि आता म्हणतात की तो हिरवट-पिवळट छटेचा चकचकीत करडा होता, आपल्याकडे ज्याला मळखाऊ म्हणतात त्याच्या जवळचा. त्यावरही एक गट म्हणतो ती पिवळट छटा मुळात रंगातच होती, दुसरा म्हणतो वरचं व्हार्निश जुनं होऊन पिवळं पडलं. ऐंशी वर्षं चिखलात नाहीतर समुद्रात पडलेल्या पत्र्यावरून हे ठरवायचं म्हणजे अवघडच आहे, आणि फोटो तर कृष्णधवल. मी शेवटी राखाडीत ऑलिव्ह आणि अगदी किंचित पिवळा घालून, खिडकीतल्या उजेडात बघून बघून स्वतःचं मिश्रण केलं. जो येईल त्याला मी सांगणार की हाच बरोबर.

इंजिनवरचं झाकण काळं, पण मित्सुबिशीचं काळं थोडं निळसर. आतला भाग आणखी मजेशीर. जपानी विमानांत आतल्या उघड्या ॲल्युमिनियमला गंज लागू नये म्हणून एक पारदर्शक निळा-हिरवा लेप देत, आओताके म्हणतात त्याला, मोरपंखीकडे जाणारा, खालची धातूची चमक तशीच दिसणारा. तो साधायचा तर आधी चंदेरी मारायचं, नीट वाळू द्यायचं, मग वरून पारदर्शक निळा आणि पारदर्शक हिरवा एकत्र करून पातळ थर द्यायचा. मी तो धडाच्या आत शेपटीपर्यंत दिला. मग धडाचे दोन अर्धे चिकटवले, सांध्यावर पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासून सांधा गायब केला, आणि तो मोरपंखी आत कायमचा बंद झाला. बायको म्हणाली, "अरे, हे दिसणार कुठून?" कुठूनच नाही. मी म्हटलं नागोयातल्या कामगारानेही शेपटीच्या आत लेप दिलाच असेल की. ती म्हणाली, "त्याला पगार मिळत होता."

पगाराचं म्हणाल तर शेवटी शेवटी तेही खरं नव्हतं. १९४४ पर्यंत माणसं आघाडीवर गेलेली, आणि नागोयाच्या कारखान्यात शाळकरी पोरी पत्रे कापत होत्या, काही तर शिकायला मिळेल असं सांगून कोरियातून आणलेल्या. ७ डिसेंबर १९४४ ला तिथे मोठा भूकंप झाला, कारखान्याच्या भिंती पडल्या, त्यात कोरियातल्या सहा मुली गेल्या. मजुरीसाठीचा खटला त्यातल्या वाचलेल्या बायका म्हातारपणापर्यंत लढत होत्या, दक्षिण कोरियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे डब्यावरच्या चित्रात येत नाही. चित्रात नेहमी ढग आणि सूर्य.

कॅनॉपीबद्दल, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या काचेबद्दल, थोडक्यात सांगतो, नाहीतर रडगाणं होईल. झीरोच्या काचेला इतक्या चौकटी आहेत की प्रत्येक खिडकीवर मास्किंग टेपचा तुकडा कापून लावणं हे एक स्वतंत्र काम आहे, मापात कापलेले मास्क विकत मिळतात, घ्यावेत.

आमच्या आजीला मात्र हे घरात चाललं नसतं. तिचं लहानपण मुंबईत भायखळ्याला गेलं, आणि 'जपानी विमान' हा शब्द तिच्यासाठी काळे कागद लावलेल्या खिडक्या आणि भोंगे. झीरो मुंबईवर कधी आलं नाही, पण ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर जो हल्ला झाला त्यात बाकीच्या विमानांबरोबर ३६ झीरो होती, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर दुसऱ्या एका जपानी जहाजावरच्या विमानांनी बॉम्ब टाकले, मग मुंबईकरांनी घाबरायचं नाही तर काय. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकीन बोट स्फोटात उडाली तेव्हा पहिल्या धक्क्याला कित्येकांना वाटलं की आले जपानी. आजी शेवटपर्यंत त्या आवाजाबद्दल बोलायची. त्यामुळे हे विमान सुंदर आहे असं म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते, पण ते सुंदर आहे हेही खरंच आहे, आणि वाईट म्हणजे ते सुंदर ज्या कारणाने आहे त्याच कारणाने ते पेटायचं. नाकापासून शेपटीपर्यंत एक जादा फुगवटा नाही, एक जादा पाटी नाही. ती पाटी घातली असती तर पायलट वाचला असता आणि विमान नौदलाच्या यादीत बसलं नसतं. शत्रूकडे २,००० हॉर्सपॉवरचं, रिकामंच ४ टनांच्या वर भरणारं हेलकॅट हे अमेरिकन लढाऊ विमान आलं तेव्हा पाटी घालायला उशीर झाला होता, मॉडेल ५२च्या अगदी शेवटच्या प्रकारात ती आली, पण ऑक्टोबर १९४४ पासून त्याच झीरोंना २५० किलोचा बॉम्ब बांधून पोरांना जहाजांवर आदळायला पाठवणं सुरू झालं होतं. मग पाटी कोणासाठी?

डिकॅल, म्हणजे भिजवून चिकटवायची चिन्हं, लावायची वेळ आली तेव्हा गाजलेल्या पायलटांच्या विमानांची चिन्हं समोर होती. मला ती नको होती, मी वेगळी शीट मागवली, शेपटीवर डीआय-१०८. हे तादायोशी कोगाचं विमान, तो १९ वर्षांचा. ४ जून १९४२ ला अलास्काजवळ डच हार्बरवर हल्ला करताना त्याच्या ऑइलच्या नळीला गोळी लागली. अकुटान बेटावर हिरवळ दिसली म्हणून चाकं खाली करून उतरला, ती हिरवळ म्हणजे दलदल निघाली, चाकं रुतली, विमान उलटलं, आणि त्याची मान मोडली. बरोबरच्यांना हुकूम होता की पडलेलं झीरो शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही, गोळ्या घालून जाळायचं, पण कोगा आत जिवंत असेल म्हणून त्यांच्याच्याने ते झालं नाही. महिन्याभराने अमेरिकन गस्ती विमानाला ते दिसलं, सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं, आणि सप्टेंबरमध्ये उडवून बघितलं. मग कळलं की वेग वाढला की याचे एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणाऱ्या पंखांच्या हलत्या कडा, जड होतात, उजवीकडे गिरकी घेणं अवघड जातं, आणि नाक एकदम खाली दाबलं की कार्बोरेटरमुळे इंजिन खोकतं. अमेरिकन पायलटांना सांगितलं, सूर मारा आणि उजवीकडे वळा. हेलकॅट हे विमान याच झीरोवरून बनवलं असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे, हेलकॅटचं पहिलं उड्डाण जून १९४२ मध्येच झालं होतं, कोगाचं विमान तेव्हा दलदलीत उलटं पडलेलं.

तर डीआय-१०८, कोमट पाण्यात भिजवून, ब्रशने सरकवून बसवलं. पंखांच्या टोकांना रंगाचे पोपडे मी काढणार नाही. हल्ली प्रत्येक जपानी विमान महारोग झाल्यासारखं सोलवटून रंगवायची फॅशन आहे, लष्कराच्या काही विमानांना ते शोभतं, त्यांचा रंग खरंच तसा उडायचा, पण १९४२ मधलं जहाजावरचं झीरो नीट राखलेलं असायचं. थोडी तेलाची ओघळ पोटाखाली, बास.

पुढचा डबा मॉडेल ५२चा आणून ठेवलाय, वर गडद हिरवा, खाली राखाडी. त्यातही वाद आहेच, मित्सुबिशीच्या विमानात हिरव्या-राखाडीची सीमारेषा सरळ शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि नाकाजिमाच्यात ती मागच्या छोट्या पंखाच्या पुढून वर चढते, आणि डब्यातल्या कागदावर एक चित्र असं आहे, एक तसं. भाचा म्हणतो वाकडी रेषा मार मामा, भारी दिसेल. नाकाजिमाचंच करतो मग.